परतलेल्यांची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे आणि माणसांविषयी माझे मत फारसे बरे नाही. मित्रांनो, ऐकून वाईट वाटले तर वाटू द्या. नेब्रास्कातल्या एका लहान विमानतळावर, राखीव हवाई तुकडीच्या बारमध्ये मी टांगलेली आहे. राखीव म्हणजे काय, तर एरवी लोकांचे दात उपटायचे, बियाणे विकायचे आणि महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी योद्धा व्हायचे.

माझा जन्म आगगाडीच्या इंजिनासाठी झाला. माझा आवाज ऐकून गुरे रूळ सोडून पळत. ते इंजिन भंगारात गेले आणि तुकडीच्या पहिल्या कमांडरने मला इथे आणले. मोहिमेवरून परतलेल्याने आत येताच माझी दोरी एकदा ओढायची, असा नियम त्याने घातला. नियम चांगला होता. माणसे तितकी नव्हती.

पहिली पिढी लढाऊ विमानांची. शत्रू येईल म्हणून हे लोक मक्याच्या शेतांवर घिरट्या घालत. शत्रू काही आला नाही, पण बढाया ऐकून माझे कान किटले. मग वॉशिंग्टनहून हुकूम आला. लढाऊ विमाने गेली, मालवाहू आली. जुन्यांनी नव्यांना ‘हमाल’ म्हणायला सुरुवात केली आणि माझी दोरी उंच बांधून टाकली. बर्फात अडकलेल्या गुरांना चारा टाकून डेलबर्ट हौगेन नावाचा तरुण वैमानिक परतला, तेव्हा ते म्हणाले, “पोती टाकून आलास ना? मग पोत्यांनाच वाजवू दे!”

डेलबर्टने बिअरचे रिकामे खोके ओढले, त्यावर चढला आणि मला असे बडवले की ग्लास खणखणले. बारमध्ये नुकतीच कामाला लागलेली वांडा टाळ्या वाजवत होती. मला वाटले, चला, एक तरी माणूस भेटला. मत बनवायची मी घाई केली.

पुढे मालवाहू विमाने गेली आणि हवेत इतरांना इंधन भरणारी आली. त्यांच्या वैमानिकांना ‘पेट्रोलपंपवाले’ हे नाव डेलबर्टनेच दिले. मग तीही गेली. आता तुकडीकडे ड्रोन आहेत, आणि ते चालवणारे लोक खिडकी नसलेल्या खोलीत बसतात. डेलबर्ट कर्नल होऊन निवृत्त झाला, तरी रोज इथल्या एकाच स्टुलावर असतो. वांडाही अजून बारमागेच आहे.

ड्रोनवाल्यांची प्रमुख कॅप्टन कोरिन ट्वेट पहिल्यांदा दोरीकडे आली, तेव्हा डेलबर्टने दोरी मुठीत धरली.

“कॅप्टनबाई, ही परत आलेल्यांसाठी आहे. तुम्ही गेला होतात कुठे?”

“पार्किंगपर्यंत!” मागून कोणीतरी ओरडले. सगळे खिदळले. ज्यांना आयुष्यभर पेट्रोलपंपवाले म्हटले गेले, तेच सर्वांत मोठ्याने.

कोरिनने वांडाला हळूच सांगितले, “एवढा वसंत संपला की बदली मागणार. जिथे आपल्याला कोणी आपलं म्हणत नाही, तिथे कशाला राहायचं?”

मग नदीला पूर आला. कोरिन आणि तिची माणसे दिवसभर त्या खोलीत बसून बुडालेल्या घरांवर ड्रोन फिरवत होती, बोटींना वाट दाखवत होती. संध्याकाळी ती बारमध्ये आली. हेडफोनचे वळ अजून कानांवर होते.

“आलात का पार्किंगमधून?” डेलबर्ट म्हणाला.

ती दोरीकडे वळलीच नाही. टेबलाशी जाऊन बसली.

“सापडली का गं माणसं?” वांडाने विचारले.

“सापडली. एक म्हातारा सोडून. छपरावर होता. बोट वळणापर्यंत पोचली होती, तेवढ्यात छप्परच गेलं. त्याने वर बघून हात केला होता, वांडा. त्याला वाटलं असणार, आत कुणीतरी बसलंय.”

कोणी हसले नाही. वांडा डेलबर्टकडे वळली. “खोक्यावर चढला होतास ना रे तू? की तेही विसरलास?”

डेलबर्ट उठला, दोरीचे टोक धरून त्याने कोरिनपुढे केले. “ओढ, पोरी.”

“आत्ता नको, कर्नलसाहेब. मी अजून तिथेच आहे.”

मग त्याने त्याच्या आयुष्यातली एक शहाणपणाची गोष्ट केली. आपले स्टूल उचलून तिच्या टेबलाशी नेले आणि तिच्या शेजारी बसला. वांडाने दोघांपुढे बिअर ठेवली. तिचा फेस बसला, बिअर कोमट झाली. बऱ्याच वेळाने कोरिन उठली आणि तिने दोरी एकदाच, हलकी ओढली. वसंत संपला. तिने बदली मागितली नाही.

मित्रांनो, दर महिन्याला मला घासूनपुसून लख्ख करतात आणि जुन्या गोष्टी जपल्याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटतात. मला घासू नका. पितळेला काही दुखत नाही. दारातून कोणी आत आले, तर आधी बसायला जागा द्या. कुठून आलात, हे मागाहून विचारा, आणि विचारताना हसू नका.