घासलेल्या पट्ट्या

म्हाताऱ्याने हयातभर जहाजांचे तळ खरवडले होते. लोखंडावर गंज-बुरा दिसला की आजही त्याचे हात शिवशिवत. घरातल्या कढया सोडाच, शेजाऱ्यांचं फाटकसुद्धा त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. "एखाद्या दिवशी झोपेत मलाही घासाल," बायको म्हणायची.

लेक शिकली, आणि शिकली तीही नेमकी त्या बुऱ्याबद्दल! खाऱ्या पाण्यात बुडालेल्या धातूवर जिवाणू बुळबुळीत थर कसा धरतात, त्याखाली गंज कसा शिरतो, हे पाहायला तिने धक्क्याखाली पोलादाच्या सहा पट्ट्या चौदा महिने टांगल्या होत्या. त्या काढायच्या आठवड्यातच पाय घसरून ती प्लॅस्टरमध्ये अडकली. मग बापच कामाला आला.

"बाबा, पट्ट्या काढल्या की लगेच समुद्राच्याच पाण्यात ठेवा. आणि त्यांना अजिबात..."

"अगं, मला शिकवतेस? चाळीस वर्षं काय गोट्या खेळलो मी?"

ती हसली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

पट्ट्या वर आल्या त्या हिरव्या-काळ्या, चिकट. लेकीची वस्तू अशा अवतारात न्यायची? म्हाताऱ्याने तारेचा ब्रश काढला आणि तासभर घाम गाळला. मग सांगितल्याप्रमाणे पट्ट्या समुद्राच्या पाण्यात ठेवून मोठ्या ऐटीत डबा घरी आणला.

लेकीने झाकण उघडलं. एकेक पट्टी उलटून पाहिली.

"थर कुठे गेला, बाबा?"

"घासून काढला. आता बघ, तोंड दिसतंय."

"मला तोच हवा होता."

तिने संशोधनाच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, पट्ट्या वाया गेल्या. चुकून मीच धुतल्या." पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. इतका निष्काळजीपणा? चौदा महिने पाण्यात घातलेस! ती "हो सर, हो सर" म्हणत राहिली.

फोन हातभर अंतरावर होता. मी घासल्या, एवढंच सांगायचं होतं. पण कुणासमोर कधी न दबलेला हा माणूस लेकीच्या आड गप्प उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, तरी तोंड उघडेना.

फोन ठेवून तिने डोळे पुसले.

"नव्या पट्ट्या टांगू, बाबा," ती अगदी मायेने म्हणाली. "काढायला मात्र मी स्वतः जाईन."