पाचाच्या वर्तुळात कोंडलेली पिन

मित्रांनो, मी एक जुनी लाल पिन आहे. कागदाला टोचायची नव्हे, मोबाईलच्या नकाशावरची. जुनी म्हणजे दोनच पावसाळे पाहिलेली, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. मला फार राग आलेला आहे आणि आज मी तो गिळणार नाही.

माझा जन्म जोयड्याच्या रानात, बाजारकुणंग गावाच्या बाजूला, शांतीआजीच्या अंगणात झाला. तिच्या सुनेनं, सुनयनानं, अंगणात उभं राहून मोबाईलवर बोट टेकवलं आणि मग टेकाडावर चढून, रेंज मिळाल्यावर, मला पाठवून दिलं. जीप बोलावण्याचं ते ॲप होतं. रामनगरच्या अंकितानं ते बेळगावात बसून बनवलं होतं. त्याआधी आमच्याकडची माणसं चालत रस्त्याला यायची, एका जागी जमायची आणि जोयड्याच्या जीपची वाट बघायची. आता जीप दारात येऊ लागली. जीपवाला महेश रामनगरचा, ह्या बाजूला नवखा, पण माझ्या भरवशावर तो न चुकता यायचा. "ही पिन हाय म्हणून बरं हाय बघा, आज्जी," असं तो म्हणाला तेव्हा मी लाजून आणखी लाल झाले.

मग शेजारच्या घरांनीही पिना लावल्या आणि आम्ही पाच झालो. पाच घरं पाच टेकाडांवर, मध्ये ओढे आणि रान. पण पडद्यावर वरून पाहिलं तर आम्ही एकमेकींना चिकटलेल्या दिसायचो. गर्दी नको म्हणून अंकितानं आम्हाला एका निळ्या वर्तुळात घातलं आणि त्यावर '५' लिहिलं. नकाशा मोठा केला की वर्तुळ उघडायचं. बेळगावात ते झटकन उघडायचं हो! आमच्या रानात रेंज नाही. नकाशा मोठा होतच नाही, आणि आम्ही आत कोंडलेल्या.

बरं, ते वर्तुळ उभं कुठं केलं? पाच घरांच्या मधोमध, रानातल्या एका वळणावर. तिथं ना घर, ना गोठा, ना माणूस.

शांतीआजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तांदळातले खडे दिसेनात, म्हणून जेवणाऱ्यांची ती आधीच माफी मागायची. एकदा तिनं भांडं समजून चुलीतल्या निखाऱ्यावर हात ठेवला. जोयड्याला डोळ्यांचं शिबिर लागलं. तिथून सकाळीच बस ऑपरेशनला जाणार होती. पाचही घरांतून कोणी ना कोणी जाणार होतं. आजी नवं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली.

महेशनं मोबाईल उघडला आणि '५' पाहिला. जन्मभर त्यानं वळणावर जमलेली माणसंच जीपमध्ये भरली होती. "पाच लिवलंय. म्हंजे पाची माणसं हितं येऊन थांबणार," असं म्हणत तो वळणावर उभा राहिला. अरे देवा, ती माणसं नव्हती, घरं होती! मी त्याच्याच हातात होते आणि मला हूं की चूं करता येईना. शेवटी त्याला वाटलं, लोक दुसऱ्या जीपनं गेले असतील, आणि तो निघून गेला. आजी उन्हं कलेपर्यंत उंबऱ्यावर होती. बस केव्हाच सुटली होती. जीप वळणावर थांबून गेली, हे पाची घरांना मागाहून कळलं.

सुनयनानं टेकाडावर चढून अंकिताला फोन केला. "ताई, आमच्या आत्तींचं डोळं जायला लागल्यात," एवढंच ती सासूबद्दल बोलली. अंकितानं लगेच काम हाती घेतलं. आता वर्तुळाला बोट लावलं की रेंज नसतानाही आतल्या घरांची नावं दिसू लागली. तिनं जीपवाल्यांना तसं कळवलं. घरच्यांना मात्र कोणीच कळवलं नाही. नेहमीचंच!

पुढच्या शिबिराच्या सकाळी महेशनं वर्तुळ उघडलं, माझ्यावर बोट ठेवलं आणि थेट दारात येऊन हॉर्न वाजवला. दाराला कुलूप होतं. बाकीच्या चार घरांतही कोणी नव्हतं. मी अगदी बरोबर जागी उभी होते आणि माझा काडीचा उपयोग नव्हता.

तो वळणावर आला, तर सगळे तिथं बसलेले. अंधारातच निघून, ओढे ओलांडून आले होते. आजी ओढ्यात घसरली होती आणि तिच्या गुडघ्याला सुनयनानं पदराची चिंधी बांधली होती.

"आज्जी, मी तुमच्या दारात गेल्तो की," महेश म्हणाला.

"कशाला गेलास, बाबा? तुज्या फोनात आमची घरं न्हाईत न्हवं," आजी म्हणाली. "चल बिगी बिगी, गाडी सुटंल."

गाडी मिळाली आणि डोळेही बरे झाले. आजी आता तांदळातले खडे स्वतः वेचते. पण फोनात घरं पुन्हा दिसतात हे तिला कोणी नीट समजावलेलं नाही, म्हणून जोयड्याला जायचं असलं की ती अजून गुडघा धरत वळणावर चालत जाते, आणि दारात आलेली जीप रिकामी परतते.

मित्रांनो, गर्दी दिसते म्हणून पिना गोळा करायच्या तर करा. पण आधी ज्यांची घरं आहेत त्यांना जाऊन सांगा. तुमच्यापैकी कोणी तिकडं गेलात तर आजीला एवढा निरोप द्या, की मी तिच्या अंगणातच आहे, कुठं गेलेली नाही. तिला ते सांगायला मला तोंड नाही.