हाड

दोरी तळहातातून सर्रकन सरकली तशी सोजरबाईने ती मनगटाला गुंडाळून घेतली, आणि तिथंच चुकलं. डांबऱ्याने पुढची झेप घेतली तेव्हा कुत्र्याबरोबर बाईही ओढली गेली. एक चप्पल मागे राहिली, गुडघा हापशीच्या ओट्यावर आपटला. समोर रस्त्याच्या पलीकडे देवमनची भुरी कुत्री नुसती उभी होती. तिने काही केलं नव्हतं.

"हाड! जाय ना वं, हाड!" सोजरबाई भुरीवर ओरडत होती आणि दोन्ही हातांनी आपल्या कुत्र्याला मागे खेचत होती. डांबऱ्याच्या तोंडाला फेस आला होता.

देवमन घरातून बाहेर आला. त्याने आधी भुरीला आत घेतलं, मग सावकाश बोलला.

"सोजरबाई, माह्या कुत्रीनं रस्त्यावर उभंही राहू नाही का? मांगच्या बारीले तिचा कान फाडला यानं. आता अजून एकदा झालं त मी भांडाले येनार नाही. भाकरीत काय घालाचं थे मले मालूम हाय."

"पयले मले घाल मंग," सोजरबाई म्हणाली, आणि चप्पल शोधू लागली.

मेडशी गावात तिला सगळे खिचडीवाली बाई म्हणत. शाळेत दीडशे पोरांची खिचडी ती अकरा वर्षं शिजवत होती. नवरा गेला त्याच्याही आधीपासून. डांबऱ्या चार वर्षांचा होता. पिल्लू असताना तो तिच्या मागेमागे शाळेत आला आणि खरकट्यावर जगणाऱ्या पाच-सहा कुत्र्यांनी त्याला सिमेंटच्या पाइपात कोंडून फाडलं. तिने त्याला पायाला धरून बाहेर ओढलं तेव्हा तो तिलाही चावला होता. त्या दिवसापासून तो दुसरं कुत्रं दिसलं की आधी थरथरायचा, मग तुटून पडायचा. आणि ती हातात काठी घेऊन पुढे व्हायची. दिवसातले बावीस तास तो अंगणातल्या कडुनिंबाला बांधलेला असे. दोरी साडेचार हात लांब. बुंध्याभोवती त्या मापाचं एक गोल टक्कल पडलं होतं, तिथं गवत उगवत नव्हतं. सोडला तर तो तरी मेला असता, नाही तर दुसऱ्याचं काही तरी. त्यामुळे चार वर्षांत सोजरबाईही एका रात्रीसाठी कुठे गेली नव्हती. सख्ख्या भाचीच्या लग्नातूनही ती अक्षता पडल्या पडल्या परतली होती.

आता मात्र जाणं भाग होतं. तिची लेक वर्षाराणी पुण्यात होती, पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं. पण डॉक्टरांनी तिला प्रवास करायचा नाही असं बजावलं होतं. तारीख जानेवारीतली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती, म्हणजे हातात सहा आठवडे.

"आई, तू येऊन राह्यली का नाही, एकडाव सांगून टाक," वर्षाराणी फोनवर म्हणाली. "मी कुत्र्यापरीस कमी हावो काय?"

"कुत्र्याले फोन करता येत नाही माय," सोजरबाई म्हणाली. लेक हसली नाही.

रिठदला तिचा दीर होता, मारोतराव. त्याने कुत्रा ठेवायची तयारी दाखवली, पण अट घातली. "वहिनी, माह्या वावरात दोन कुत्रे हायेत. त्याइच्यात राह्यला त राहू द्या. पन मी काही त्याले बांधून ठेवनार नाही, अन् रोजच्या मारामाऱ्याही सोडवनार नाही."

दुसरं कोणी नव्हतं. सोजरबाई जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथला परिचर उदयसिंग तिशीतला, बैलाच्या नाकात औषध ओतताना बैलाशीच गप्पा मारणारा माणूस.

"झोपाची गोळी दे याले," ती म्हणाली. "मी पुन्याहून येइन तोवरची."

"गोळीनं झोपन मावशी. उठल्यावर थोच राहीन ना." त्याने हात पुसले. "बैलाले ट्रकचं भेव बसते तवा आमी काय करतो? दुरून ट्रक दाखोतो अन् सरकीची ढेप चारतो. रोज जरासक जवळ. खाते तोवर त्याचं डोस्कं जागेवर हाय समजाचं. खानं सोडलं का मांगं फिराचं. अन् दोरी ढिली ठेवाची. तुमी दोरी तानली का त्याले वाटते, बाई बी भेली."

ढेप नव्हती, पण खिचडीची खरवड होती. शाळेच्या पातेल्याच्या बुडाला लागलेला तो करपट, खमंग थर सोजरबाई रोज उलथण्याने काढून वर्तमानपत्रात बांधून आणू लागली. शाळा सुटल्यावर ती डांबऱ्याला घेऊन मैदानाच्या कडेला जाई आणि पावलं मोजी. चाळीस पावलांवर कुत्री दिसली तरी तो खात होता. पंचवीसवर खायचा, पण दात बोटांना लागायचे. अठरावर खरवड तोंडाजवळ नेली तरी त्याला ती दिसतच नसे. तिला आणखी एक गोष्ट कळली. झेप घ्यायच्या आधी त्याचं उघडं तोंड एकदम बंद होतं. तोंड बंद झाल्यापासून तीन अंक मोजेपर्यंत वेळ असतो. तेवढ्यात मागे वळलं तर वळता येतं.

दोन आठवड्यांत ती बावीसवर आली आणि तिथंच अडकली. पुढे पाऊल टाकलं की सगळं पहिल्यासारखं. गुडघ्यावर नवं खरचटलेलं, तळहातावर दोरीचा वळ. रात्री भाकरी थापताना तिला वाटायचं, आपण दोघंही त्या साडेचार हातांतच मरणार.

एका रविवारी ती अंगणात तूर निवडत बसली होती. डांबऱ्या झाडाखाली झोपला होता. शेजारची वच्छला ओट्यावर बसून बहिणीशी फोनवर मोठ्याने बोलत होती. "मंग मी काय भेतो काय त्याले? म्हनलं, हाड! निंघ म्हनलं माह्या दारातून!"

डांबऱ्या ताडकन उठला. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे. तोंड बंद. तो रस्त्याच्या या टोकाकडे पाहत होता, मग त्या टोकाकडे. रस्ता मोकळा होता. कुत्रं सोडा, कोंबडीही नव्हती.

सोजरबाईचा हात सुपातच थांबला. तो पुन्हा आडवा होईपर्यंत ती हलली नाही. मग अगदी हळू, स्वतःशी म्हटल्यासारखं म्हणाली, "हाड." केस उभे. ती थांबली, तो निजला, पुन्हा म्हणाली, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा तेच.

तिने सूप बाजूला ठेवलं. चार वर्षं ती दुसऱ्या कुत्र्यांना म्हणत होती, जा. आणि हा ऐकत होता, आलं, आता फाडतं. त्याला वाचवायला ती जितकं ओरडली तितकं तिनेच त्याला हे पाठ करून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने उदयसिंगला सांगितलं. तो आधी गंभीर झाला, मग हसायला लागला.

"हाड म्हनता, पन देत त कधी नाही हाड! मंग चिडन नाही त काय?"

"मी मेली माळकरी, मी कुठून देऊ हाड?"

"खरवड द्या ना मंग. माह्या मतानं मावशी, अख्ख्या गावाची जीभ काही तुमाले बांधता येनार नाही. कोनी ना कोनी म्हननारच. शब्दाचाच अर्थ बदलून टाका."

मग ती तेच करू लागली. सकाळी चूल पेटवायच्या आधी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. हळू आवाजात हाड, लगेच खरवड. पहिले चार दिवस तो केस उभे करूनच खात होता. पाचव्या दिवशी केस बसले. आठव्या दिवशी ती हाड म्हणाली आणि त्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं.

"पाहा वं बाई," वच्छला रस्त्यावरच्या बायांना ओरडून सांगायची, "हाड म्हनते अन् घास देते! पुन्याले जाच्या आंधीच बह्याडली!"

"तूही म्हन ना त्याले दहा-पाच डाव," सोजरबाई तिला म्हणाली. वच्छला गंमत म्हणून रोज म्हणू लागली. शाळेतली पोरंही म्हणू लागली. पाचव्या आठवड्यात सोजरबाई डांबऱ्याला घेऊन भुरीपासून सहा पावलांवर उभी होती. दोरी इतकी ढिली की मधला भाग मातीला टेकला होता. देवमन दारात उभा राहून पाहत होता. या वेळी त्याने भुरीला आत घेतलं नाही.

त्याच आठवड्यात फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी एका परक्या माणसाने डांबऱ्याला पाहून दगड उचलला आणि ओरडला, "हाड!" डांबऱ्या शेपटी हलवत त्याच्याकडे निघाला. दगड बरगडीवर बसला. तो केकाटला, एक पाऊल मागे झाला, आणि पुन्हा त्या माणसाच्या हाताकडे पाहत उभा राहिला. सोजरबाईने त्याला पोटाशी धरलं. तिच्या लक्षात आलं, भीतीबरोबर तिने त्याच्यातलं आणखीही काही तरी काढून घेतलं होतं. पण आता ते परत घालायला वेळ नव्हता.

डिसेंबरच्या अखेरीस उदयसिंगने भावाचा छोटा हत्ती टेम्पो आणला. मागे डांबऱ्या, पुढे सोजरबाई आणि तिची बॅग. रिठदहून तो तिला वाशीमला सोडणार होता. पुण्याची गाडी चारची होती.

मारोतरावच्या वावरात हरभरा गुडघ्याएवढा झाला होता, कडेची तूर वाळत आली होती. एक तांबडा, एक काळापांढरा कवडा असे त्याचे दोन कुत्रे भुंकत आले. सोजरबाईने दोरी ढिली सोडली. तिघं एकमेकांभोवती ताठ पायांनी फिरले. ते फारच जवळ आले तसा मारोतराव सवयीने आपल्या कुत्र्यांवर खेकसला, "हाड! सरका मांगं!"

 डांबऱ्या वळला, मारोतरावच्या पुढ्यात जाऊन बसला आणि त्याच्या हाताकडे बघू लागला.

मारोतराव खो खो हसला. "वहिनी, हा त एकदम येडा हाय!"

"हाय. तसाच राहू द्या," ती म्हणाली. "पन भाऊजी, याले हाकलाले हाड म्हनू नोका. याच्या लेखी हाड म्हंजे ये."

"मंग जाय म्हनाचं असन त काय म्हनू?"

 "थे नाही शिकोलं," ती म्हणाली. "जाय म्हनाची येळच नाही आली कधी."

तासाभरात तिन्ही कुत्रे खळ्यात एका ओळीत पडले होते. मारोतरावने डांबऱ्याच्या गळ्यातली दोरी काढून तिच्या हातात दिली. "आता कायले पायजे हे? जा तुमी. पोट्टी वाट पाहून राह्यली असन."

गाडी वावरातून पांदणीच्या कच्च्या वाटेला लागली तेव्हा उदयसिंगने आरशात पाहिलं. "मावशी, येऊन राह्यला."

डांबऱ्या धावत होता. सोजरबाईने त्याला असं सरळ धावताना कधी पाहिलं नव्हतं. दोरीच्या टोकाशी त्याला नेहमी वळावं लागायचं. उदयसिंगने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "हाड! हाड रे!" जिभेची सवय. कान मागे पडले, शेपटी गोल फिरू लागली, आणि डांबऱ्याने वेग वाढवला.

"नोको म्हनू रे," ती म्हणाली.

"मंग काय म्हनू? थांबू का?"

थांबलं तर तो मांडीवर उडी घेणार होता, आणि मग तिच्याने त्याला खाली ठेववलं नसतं. तिने बॅगेवर दोन्ही हात दाबून ठेवले.

"नोको. चाल."

डांबरी सडक लागली आणि उदयसिंगने गिअर बदलला. डांबऱ्या पांदणीच्या तोंडाशी थांबला. त्याच्या बरगड्या खालीवर होत होत्या. मागून तांबडा आणि कवडा पळत आले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. तांबड्याने त्याच्या कानाला नाक लावलं. तो हलला नाही. मग कवडा माघारी फिरला, तांबडा फिरला, आणि जरा वेळाने, कोणी काही न म्हणता, डांबऱ्याही फिरला. सडकेवरून आता पांदणीने परत चाललेले तीन कुत्रे दिसत होते. त्यातला कोणता कोणाचा, हे कुणा नवख्याला सांगता आलं नसतं.