लाभ, दोन, तीन

गणित हे जगातलं एकमेव निःपक्षपाती शास्त्र आहे. राजे गेले, सरहद्दी सरकल्या, जिल्ह्यांचे तुकडे झाले, पण एकानंतर दोन येतात या सत्याला कोणी हात लावू शकलं नाही. तेलंगणातल्या जैनथ मंडलात, म्हणजे तालुक्यात, आमच्या उच्च प्राथमिक शाळेत हे सत्य मंगळवारी सकाळी पावणेअकरापर्यंत टिकलं.

त्या दिवशी मंडल कार्यालयातून सुरेंद्र सार तपासणीला आले होते. आमच्याकडे सरांना सार म्हणतात. एवढी तेलुगू सगळ्यांनाच येते. सारांजवळ एक छापील तक्ता होता. सहावीच्या ज्या पोराला मोजमाप जमत नाही त्याचं नाव त्यात लिहायचं, आणि नाव लागलं की त्यानं दोन महिने दुपारनंतर चौथीत जाऊन बसायचं. सरकारच्या दृष्टीनं ही उजळणी होती. सहावीतल्या हर्षालीच्या दृष्टीनं चौथीत तिची धाकटी बहीण तेजस्विनी होती.

तेजस्विनीनं सकाळी वेणी घालता घालताच सांगून टाकलं होतं, "ये तू. माह्या बाजूले जागा हाय. पन पाढे चुकली तर मी तुले सांगनार नाई."

वर्गावर पद्मिनी मॅडम होत्या. त्यांनी स्वयंपाकखोलीतून तांदळाची बादली, एक घमेलं आणि एक स्टीलचा ग्लास मागून आणला. बादलीत किती ग्लास तांदूळ, ते मोजून सांगायचं. करणनं अर्धे तांदूळ फरशीवर सांडले, ते गोळा केले आणि चोवीस सांगितले. अदितीनं एकही दाणा न सांडता चोवीस सांगितले आणि सारांकडे असं पाहिलं, जणू तांदूळ तिनंच पिकवले होते. सारांनी दोघांपुढे 'येते' असं लिहिलं.

मग हर्षाली उठली. तिची आजी भागाबाई आठवडी बाजारात भाजी विकते, शिवाय घरची तूर आणि मूग मापानं देते. दर बाजाराला माप हर्षालीच्या हातात असतं. तिनं ग्लास भरला, तळहातानं वरचे दाणे सारखे केले, आणि घमेल्यात ओतला.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन."

"थांब," सार म्हणाले. "एक कुठे गेला?"

"हाच तो सार. पन पहिल्या मापाले एक नाई म्हनत."

"काऊन?" सारांच्या तोंडून निघालं. लगेच त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे, का बरं?"

"एक म्हनलं का धंदा एकावरच राह्यते. आजी म्हनते."

वर्ग हसला. हर्षाली मोजत गेली. तेवीस झाल्यावर तिनं ग्लास खाली ठेवला. बादलीच्या तळाशी ग्लासभर तांदूळ होते.

"तेवीस, सार."

"आणि हे?"

"हे राह्यतेत. भांडं रिकामं करत नाईत."

"हिशेबानं उत्तर चुकलं," असं म्हणत सारांनी पेनाचं टोपण काढलं. हर्षालीनं त्या पेनाकडे पाहिलं आणि खालचा ओठ दातात धरला.

"साहेब, तिला समजतं सगळं," मॅडम म्हणाल्या. "तांदूळ किती आहेत ते तरी विचारा."

"मॅडम, इथे दोनच रकाने आहेत. येते आणि येत नाही. 'समजतं' असा रकाना वरून आलेला नाही."

मॅडम फार नम्रपणे म्हणाल्या, "मग साहेब, तुम्हीच एकदा मोजून दाखवा. पोरांना कळेल, शास्त्रशुद्ध कसं असतं ते."

सार खुर्चीवरून उठले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी वर सरकवलं, घमेल्यातले तांदूळ परत बादलीत ओतले आणि फरशीवर मांडी घालून बसले. मुधोळला त्यांच्या आजोबांचं भुसार दुकान होतं, आणि सुट्टीत तिथं माप कोण करायचं हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ग्लास भरला. तळहातानं वरचे दाणे सारखे केले. घमेल्यात ओतला.

"लाभ," सार म्हणाले.

सारांचा हात हवेत थबकला. पण माप अर्ध्यावर सोडायचं नसतं, हेही त्या हाताला ठाऊक होतं. दोन झाले. तीन झाले. तेविसावा ग्लास ओतला आणि हात आपोआप थांबला.

हर्षालीनं पुढं होऊन बादलीत डोकावून पाहिलं.

"बराबर हाय," ती म्हणाली.

"सार," करणनं मागच्या बाकावरून विचारलं, "मग आता तुमी बी चौथीत?"

मॅडमना अचानक फळा पुसायचं आठवलं. त्यांनी पाठ फिरवली आणि कोरा फळा बराच वेळ पुसला.

सार कपडे झटकत उठले. "हर्षाली, बादलीत एकूण किती ग्लास होते?"

"चोवीस. तेवीस मोजाचे, एक राहू द्याचा."

सारांनी तक्ता उघडला, 'येते' असं लिहिलं, आणि पुढं शेरा मारला, 'उत्तम.' तो जरा मोठ्या अक्षरात आला. मग ते वर्गाला उद्देशून बोलले. ज्ञान पुस्तकात असतं तसं घरातही असतं, हातांनाही स्मरण असतं, या मुलीला आता कोणीही चौथीत पाठवू शकणार नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग वर्गानं वाजवल्या.

टाळ्या संपल्यावर हर्षालीनं हात वर केला.

"सार, नाव नका लिहू. पन दुपारी मी चौथीतच बसू काय? तिथला पंखा चालते."