ग्युमिनने धुऊन आणलेले डबे

मी चौथीपर्यंत शिकले, पण गाणं कळायला शाळा लागत नाही. मांगवॉनच्या बाजारात तीस वर्षं किमची आणि तोंडीलावणी विकतेय, चांगलं-वाईट मला वासावरून कळतं. माझ्या मुलीचं, सोयुलचं, ते गाणं मला मुळीच पसंत नव्हतं.

ताटातुटीचं गाणं म्हणे! ना हंबरडा, ना तळतळाट. तू गेलास, मी खिडकी लावून घेतली. बस्स, एवढंच. आवाज घुमू नये म्हणून ती रजयांच्या कपाटात बसून ते रेकॉर्ड करायची. गाण्यांच्या कंपनीने दोनदा परत पाठवलं होतं: रडू फार ऐकू येतंय, कमी करा. आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर गाणं दुसऱ्या पोरीला जाणार होतं.

"रडू कमी कसलं करतेस? चांगलं भोकाड पसर," मी म्हटलं. "चार वर्षं ज्याला मी मुळ्याची किमची पाठवली, तो ग्युमिन तुला सोडून गेलाय. आमच्या वेळच्या गाणाऱ्या माईक भिजवायच्या!"

"आई, तू बाहेर जा ना."

"बाहेरच आहे. कपाटात तू बसलीयेस."

तेवढ्यात बेल वाजली. दारात ग्युमिन, हातात पिशवी. आत माझे सहा डबे, घासूनपुसून लख्ख.

आमच्यात कोणी डबा रिकामा परत करत नाही. काही नसलं तर दोन संत्री तरी टाकतात. चार वर्षांत यानेही कधी रिकामा आणला नव्हता. मी पिशवी उचलली, तर हलकी फूल.

तो तिला सोडून गेल्यापासून अकरा दिवस मी शिव्या घोळवत होते. त्याच्या नाकापासून खापरपणज्यापर्यंत. आणि तोंडातून निघालं काय?

"जेवलास का?"

"हो, आई."

"थंडी आहे. गळा झाक."

तो कमरेत वाकला आणि गेला. सगळा बाजार जिला वचकतो ती माझी जीभ, आणि ऐन वेळी तिने शेपूट घातली! मी चौकटीवर हात आपटला.

कपाटाचं दार किलकिलं होतं. "आई, परत म्हण ना."

"काय?"

"जेवलास का. अगदी तसंच."

"थोबाड फोडीन!"

तिने दार ओढून घेतलं आणि गायली. पाव किलो देऊ की अर्धा, असं गिऱ्हाइकाला विचारावं तसा सपाट आवाज. माझ्या अंगावर काटा आला, त्याचाही मला राग आला.

दिवेलागणीला कंपनीचा निरोप आला: हेच हवं होतं. सोयुल दोन वाट्या भात जेवली आणि मग सूपमध्ये टिपं गाळत मोठमोठ्याने रडली.

"आत्ता रडतेस? इतके दिवस काय झालं होतं?"

मी डबे मांडायला घेतले. डबे सहा, झाकणं पाच.

"फोन लाव त्याला. मुळ्याच्या डब्याचं झाकण त्याच्याकडे राहिलंय."

"राहू दे, आई."

"राहू दे कसं?"

तिने फोन लावला नाही. मीही नाही. त्या डब्यावर बशी पालथी घातलीय, ती धड बसत नाही. अख्ख्या फ्रिजला मुळ्याचा वास लागलाय.