दुपट्ट्याखालचे पाढे

उकंडराव शाळेच्या ओट्यावर चढले तेव्हा पोरं सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, म्हणत होती, आणि जो तो आपापल्या तऱ्हेने म्हणत होता. कडूबा ओसरीवर येरझारा घालत होता, कारण बसवला की त्याची गाडी सात सव्व्यांच्या पुढे जात नसे. शेषराव भुईवर बोटाने रेघा ओढून मोजत होता. बाकीचे गळा काढून गात होते. गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "मास्तर, हा वर्ग आहे की जत्रा?" मी म्हटलं, "पाढे विचारून बघा." विचारले, सगळे आले, तरी शेरा मात्र जत्रेचाच लिहून गेले. मी मुळात तापट माणूस, त्या शेऱ्यावर अजून धुमसतो.

उकंडरावांचा इंद्रभान कोपऱ्यात ओठ मिटून बसला होता. बोलायला गेला की पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ अडे आणि मानेच्या शिरा ताठ होत. माझ्या आधीच्या मास्तरांनी छडीने ती जीभ सोडवायचा प्रयत्न केला, त्यामुळे ती आणखीच अडली. काल सकाळी तो आला आणि त्याने पाटी माझ्यासमोर धरली. पाटीवर दोनच शब्द होते, 'बकऱ्या नको.' बापाने त्याला शाळेतून काढून मामाकडे बकऱ्यांमागे पाठवायचं ठरवलं होतं.

"चाल बे, ऊठ," उकंडराव दारातूनच म्हणाले. "गाडी जुंपेल हाय."

"उकंडराव, बसा तरी."

"बसाले टाइम नाई, मास्तर. चार वर्सं झाले. गावातले पोट्टे घडाघडा पाढे म्हनतात अन् याच्या तोंडून एक आकडा निघत नाई. बाजारात लोक मले मुक्याचा बाप म्हनतात. कायले बसवू याले इथं?"

मोताळ्याच्या बैलबाजारात उकंडरावांसारखा दलाल नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरून सौदा जमला की फिसकटला, हे त्यांच्या घरच्यांनाही कळत नसे. आता त्या चेहऱ्यावर मला फक्त घाई दिसत होती.

"त्याला पाढे येतात," मी म्हणालो.

"कोनी आयकले?"

"ऐकले नाहीत. पाटीवर लिहितो, पण ते तुम्हाला वाचता येत नाही. तो हातानेही सांगतो. आणि त्याचा हात तुमच्याइतका दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही."

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती चुकूनच. सगळे पाढे म्हणत असताना इंद्रभानचा हात सदऱ्याच्या टोकाखाली सारखा हलत असे. एकदा मी जवळ बसून विचारलं, तर त्याने माझा हात ओढून घेतला, वरून सदरा पसरला आणि माझी बोटं एकेक करून दाबली. बाजारात दलाल दुपट्ट्याखाली भाव सांगतात तसं तो मला उत्तर सांगत होता. बापाशेजारी बसून बसून ती भाषा त्याच्या अंगी मुरली होती. मला त्यातलं ओ की ठो कळेना. शेवटी कडूबाने मला शिकवलं, त्याच्या घरी बैलांची दावण आहे आणि बैलबाजार त्याने जवळून पाहिलेला. तेव्हापासून इंद्रभानचा पाढा मी उपरण्याखाली घेत होतो.

"तुम्ही तोंडाने विचारा," मी उकंडरावांना म्हणालो, "तो तुमच्या दुपट्ट्याखाली सांगेल. आले तर त्याला बकऱ्यांमागे धाडायचं नाही. नाही आले तर आत्ता घेऊन जा, मी चकार शब्द काढणार नाही."

"माह्या धंद्याची थट्टा करून राह्यले का, मास्तर?"

"थट्टा करायची असती तर मी ही पैज लावली नसती."

पोरांनी पाढे थांबवले. कडूबासुद्धा चालायचा थांबला. उकंडरावांनी मुलासमोर मांडी घातली. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

"नऊ दिढे?"

दुपट्टा जरासा हलला. उकंडरावांचा चेहरा होता तसाच राहिला.

"सात अडीच?"

पुन्हा हलला. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उत्तर बरोबर की चूक, हे आता फक्त उकंडरावच सांगणार होते. मी काही पाहू शकत नव्हतो, पोरं काही ऐकू शकत नव्हती आणि इंद्रभान तर बोलणारच नव्हता. ज्याला मुलगा न्यायचा होता त्याच्याच हाती मी निकाल देऊन बसलो होतो. स्वतःच्या अकलेचा मला असा संताप आला की मी टेबलाची कड घट्ट धरली.

"तेरा औटे?" उकंडरावांनी विचारलं. साडेतीनचा पाढा म्हणजे मोठ्यामोठ्यांची भंबेरी. इंद्रभानने डोळे मिटले. दुपट्ट्याखाली काहीतरी थांबत थांबत झालं.

"काय सांगितलं त्यानं?" मला राहवेना.

"थांबा, मास्तर." आणि मग हळूच, "सतरा औटे?"

या वेळी फार वेळ गेला. इंद्रभानच्या कपाळावर घाम आला होता. दुपट्टा हलला, थांबला, परत हलला. उकंडरावांनी हात बाहेर काढला नाही. ते खाली बघत राहिले. त्यांनी एक शब्द खोटा उच्चारला असता तरी जगात कुणाला पत्ता लागला नसता, आणि हे त्यांनाही कळत होतं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "चारी बराबर. दुपट्ट्याखालचं म्या आजवर खोटं सांगतलं नाई, आज काऊन सांगू?"

पोरांनी गलका केला. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण उकंडराव अजून मुलाकडेच पाहत होते, आणि दलालाच्या त्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उघडपणे दिसत होतं. पारखून घेतलेल्या जनावराकडे पाहावं तसे ते आपल्या पोराकडे पाहत होते.

"याचा हात तर माह्याहून साफ चालते," ते म्हणाले. "अन् बोलत नाई. म्हंजे भाव फुटाची भीतीच नाई. असा पोरगा शाळंत काय करते, मास्तर? उद्यापासून माह्या संगं बाजारात."

"उकंडराव, आपलं ठरलं होतं."

"ठरलं ते बकऱ्यायचं. बकऱ्यायमांगं नाई धाडत."

मी त्यांना पोराची किंमत पटवून दिली होती, आणि ती पटली म्हणूनच ते त्याला घेऊन चालले होते. ते उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि हात पुढे केला.

"चाल."

इंद्रभान उठला. त्याने बापाचा हात हातात घेतला. संपलं, असं मला वाटलं.

मग सगळ्यांच्या देखत, वर कापड नाही, आडोसा नाही, त्याने बापाची करंगळी दुमडली. मग शेजारचं बोट. एकेक करत पाची बोटं मिटवली आणि ती मूठ बापाच्या छातीकडे ढकलली.

"गुरुजी," कडूबा माझ्या कानाशी कुजबुजला, "सौदा मोडला त्यानं."

उकंडरावांनी मूठ उघडली. हात पुन्हा पुढे केला. घासाघीस करणारा माणूस करतो तसा, जरा खाली, जरा नरमाईने. इंद्रभानच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्याने ती बोटं पुन्हा मिटवली, आणि या वेळी आपल्या दोन्ही हातांनी मूठ आवळून धरली.

मोडलेला सौदा जबरदस्तीने करता येत नाही. जो करतो त्याच्या दुपट्ट्याखाली पुन्हा कुणी हात घालत नाही. उकंडरावांनी हे आयुष्यभर पाळलं होतं, पण पोटच्या पोराशी पाळायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते एकदा माझ्याकडे वळले तेव्हा वाटलं, आता हात उगारतील.

"सांजच्याले घरी ये," ते मुलाला म्हणाले. "मायले सांगजो, तू मले जुंपेल गाडी सोडाले लावली म्हनून."

ते ओटा उतरले आणि बैलांकडे गेले. पोराने मिटवलेली मूठ त्यांनी अजून उघडली नव्हती.