कोनशिलेची जाडी

या मतदारसंघाचा इतिहास कुणाला जाणून घ्यायचा असेल, तर त्याने पाथरवटाच्या पत्र्याच्या शेडमध्ये यावं आणि तिथल्या एका दगडाची जाडी बघावी. बसस्थानकामागच्या मैदानात सरकारी दवाखाना होणार म्हणून पाथरवटाच्या बापाने ही कोनशिला घडवली, तेव्हा ती वीतभर जाड होती. दवाखाना काही झाला नाही. मैदानात गवत, कचरा आणि मधोमध एक चौथरा, त्यात ही शिळा. दर निवडणुकीनंतर नवा आमदार त्याच दवाखान्याची पुन्हा पायाभरणी करी आणि त्याआधी शिळा हातगाडीवरून शेडमध्ये येई. जुनं नाव घासून काढायचं, नवं कोरायचं. नवा दगड कुणीच घेतला नाही. जुना कुठेतरी पडून राहिला तर लोक त्यावरची तारीख वाचतात.

पहिलं नाव वकिलाचं. सभागृहात त्याने एकदाच तोंड उघडलं, ते जांभई द्यायला, असं लोक म्हणत. मग असे कितीतरी आले-गेले. पुढे धान्याचा व्यापारी आला. त्याला त्याच्याच पुतण्याने पाडलं. पुतण्याने मधेच पक्ष बदलला तेव्हा तर कमालच झाली. माणूस तोच, नाव तेच, तरी त्याने ते पुन्हा घासून कोरायला लावलं. जुन्या अक्षरांना जुन्या पक्षाचा वास येतो म्हणे! पाथरवटाच्या बापाने पहिल्या एक-दोन नावांनंतरच एक पद्धत पाडली होती. आमदाराचं नाव वरवरच कोरायचं, पुढच्या वेळी काढायला सोपं. खोल अक्षरं फक्त मेलेल्या माणसांसाठी. पाथरवटानेही तेच पुढे चालवलं आणि बायको जाईपर्यंत त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिच्या पोटात भर दुपारी कळ आली. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत, जीपमध्येच तिने मान टाकली. जीप त्या मैदानाला वळसा घालूनच गेली होती. जन्मभर तिने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, मागच्या नळाखाली कपडे धुवायला एक बरा दगड. सगळ्या जगाला दगड देता आणि मी मात्र चिखलात बसते, असं ती कुरकुरायची. तो उद्या बघू म्हणायचा.

या वेळी जावई उभा राहिला. जिवंतपणी तिला ‘मामी’ म्हणणारा, तिच्या हातचा चहा पाणचट म्हणून नाक मुरडणारा हा माणूस व्यासपीठावर ‘माझी माय दवाखान्याअभावी गेली’ म्हणून गळा काढू लागला. लोकांनी डोळे पुसले आणि मतं दिली. पाथरवटाला ते ऐकून कसंसंच झालं, पण मत त्यानेही दिलं. घरातला आहे, हा तरी बांधेल, असं त्याला वाटलं.

निकाल लागून थोडे दिवस होतात न होतात तोच शिळा शेडमध्ये आली आणि मागोमाग कडक इस्त्रीतला जावई. दवाखान्याला मामींचं नाव द्यायचं ठरलंय, तेच मोठं कोरा आणि खाली माझं, असं त्याने सांगितलं. बांधकाम कधी सुरू होणार, असं सासऱ्याने विचारलं. मग मंजुरी, निधी, वरचं सरकार असं बरंच काही जावयाने सांगितलं. बोलता बोलता हेही निघालं, की मैदानाची रस्त्याकडची बाजू दुकानांच्या गाळ्यांसाठी देऊन टाकली आहे.

पाथरवटाने शिळेवर हात फिरवला. आता ती जेमतेम दोन बोटं जाड उरली होती.

“हिचं नाव मी खोल कोरणार,” तो म्हणाला. “दगड टिकला तर टिकला.”

जावयाने घड्याळात बघितलं. “खोल कशाला, मामा? वरवरच कोरा. उद्या दुसरा कुणी निवडून आला, तर त्याला काढायला बरं.”

हे त्याने अगदी साधेपणाने, घरातल्या माणसाला काळजीने सांगावं तसं सांगितलं. त्या साधेपणाचीच पाथरवटाला शिसारी आली. आपल्या बापाची पद्धत, आपलीच पद्धत, आता हिच्या नावावर येऊन ठेपली होती.

“शिळा मिळणार नाही,” तो म्हणाला आणि छिन्नी पिशवीत टाकली.

जावई हसला. मग फ्लेक्स लावू, तोही स्वस्तात होतो, म्हणाला आणि गाडीत बसला.

पायाभरणीच्या दिवशी पाथरवटाने शिळा मागच्या नळाखाली नेली, चिखल उपसून खडी भरली आणि ती पक्की बसवली. तिच्यावर अजून असलेलं मागच्या आमदाराचं, त्या पुतण्याचं नाव मुद्दाम वरच्या बाजूला ठेवलं. इतकी उथळ अक्षरं साबणाने झिजायला कितीसा वेळ लागणार? तेवढ्यात लेक आली. व्यासपीठावर तिच्यासाठी खुर्ची होती, अंगावर त्याच तयारीचे कपडे होते. दगड बघून ती उभीच राहिली. मग आत गेली, आईच्या ट्रंकेतली जुनी चादर काढून आणली आणि नळाखाली बसली.

मैदानातल्या कर्ण्यावरून ‘माझी माय’ सुरू झालं. लेकीने चादर आपटायला घेतली आणि हात आवरला.

“बाबा, फार पातळ आहे हो. फुटेल.”

“आपट,” तो म्हणाला.